कोळ्याच्या धाग्यापासून रायफलच्या दुर्बिणीपर्यंत

रायफलवर दुर्बीण कशासाठी बसवतात, असे वर्गात विचारले तर ‘लांबचे मोठे दिसावे म्हणून’ हे उत्तर हमखास येते. बाजारातही दुर्बीण याच गुणावर विकली जाते. दहा पट, सोळा पट, चोवीस पट. आकडा जितका मोठा तितकी दुर्बीण चांगली, असा समज आहे. या उपकरणाचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. नेमाची दुर्बीण विशालनासाठी जन्मली नाही. तिच्या मुळाशी एक बारीकसा धागा आहे, आणि तो धागा शिकाऱ्याला नव्हे, आकाशाकडे पाहणाऱ्या एका तरुणाला सापडला.

डोळ्याची अडचण

साध्या बंदुकीवर मागे एक खाच असते आणि नळीच्या टोकाशी माशी असते. खाच, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आले की नेम धरला. अडचण अशी, की या तीन गोष्टी डोळ्यापासून तीन निरनिराळ्या अंतरांवर आहेत आणि डोळ्याचे भिंग एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट दाखवू शकते. हात लांब करून अंगठ्याकडे पाहा, मागचे झाड पुसट होते. झाडाकडे पाहा, अंगठा पुसट होतो. वय वाढले की ही अडचण आणखी वाढते.

सतराव्या शतकातील खगोलशास्त्रज्ञांपुढे हाच प्रश्न होता. ताऱ्यांमधील कोन मोजण्यासाठी ते लांब पट्टीवर बसवलेल्या दोन पाहण्याच्या खुणांमधून नेम धरत. दुर्बीण १६०८ नंतर युरोपभर पसरली, पण मोजमापासाठी तिचा उपयोग होईना. गॅलिलिओच्या दुर्बिणीत डोळ्याकडचे भिंग अंतर्वक्र असते. त्यामुळे नळीच्या आत खरी प्रतिमा कोठेही तयार होत नाही. दृश्य दिसते, पण त्याचा नेमका मध्य कोठे ते सांगता येत नाही. केप्लरने १६११ मध्ये दोन्ही भिंगे बहिर्वक्र असलेली दुर्बीण सुचवली. तिच्यात वस्तुभिंगाची खरी, उलटी प्रतिमा नळीच्या आतच पडते आणि नेत्रिका ती मोठी करून दाखवते. या प्रतिमेच्या जागी एखादी खूण ठेवली तर काय होईल, हा विचार मात्र पुढची पंचवीसेक वर्षे कोणाच्या मनात आलेला दिसत नाही.

गॅस्कॉइन आणि कोळी

इंग्लंडमधील लीड्सजवळच्या मिडलटन गावी विल्यम गॅस्कॉइन नावाचा तरुण स्वतः दुर्बिणी तयार करीत असे. १६४० च्या आसपास त्याच्या उपकरणात एका कोळ्याने धागा विणला. योगायोगाने तो बरोबर प्रतिमेच्या जागी आला. गॅस्कॉइनने डोळा लावला तेव्हा दूरचे दृश्य आणि धागा ही दोन्ही एकाच वेळी सुस्पष्ट दिसली. डोळ्याची अडचण संपली होती. लक्ष्याची प्रतिमा आणि खूण एकाच प्रतलात असल्यामुळे डोळ्याला आता एकाच अंतरावर पाहायचे होते.

गॅस्कॉइनने याचा अर्थ लगेच ओळखला. त्याने कोन मोजण्याच्या उपकरणांवर अशी दुर्बीण बसवली, आणि स्क्रूने सरकणाऱ्या दोन कडा प्रतिमेच्या जागी ठेवून सूर्य, चंद्र व ग्रहांचे व्यास मोजण्याचे सूक्ष्ममापकही बनवले. पण इंग्लंडमध्ये यादवी युद्ध पेटले. २ जुलै १६४४ रोजी मार्स्टन मूरच्या लढाईत राजाच्या बाजूने लढताना तो मारला गेला. तेव्हा तो जेमतेम बत्तीस वर्षांचा असावा. त्याने काहीच छापले नव्हते. पुढे पॅरिसमध्ये ओझू आणि पिकार यांनी असेच सूक्ष्ममापक स्वतंत्रपणे बनवून प्रसिद्ध केले. त्यानंतर १६६७ मध्ये रिचर्ड टाउनली यांनी गॅस्कॉइनचे काम रॉयल सोसायटीपुढे मांडले.

एका कलेचा वाद

नव्या साधनाला सर्वांनी मान डोलावली असे नाही. डान्झिगचा हेवेलियस हा त्या काळातील नामवंत निरीक्षक. कोन मोजताना तो साध्या डोळ्यांनीच नेम धरी. रॉबर्ट हूकने १६७४ मध्ये त्याच्यावर कडक टीका केली. साध्या डोळ्याला सुमारे एक कला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापेक्षा लहान भेद दिसतच नाही, तेव्हा हेवेलियसची मापे त्याहून अचूक असणार कशी, असा त्याचा प्रश्न होता. १६७९ मध्ये तरुण एडमंड हॅली आपली दुर्बीण बसवलेली उपकरणे घेऊन डान्झिगला गेला. हेवेलियसची मापे आपल्या मापांच्या तोडीची आहेत, असा निर्वाळा त्याने दिला.

हूकचे शरीरशास्त्र चुकीचे नव्हते. पण दोन बिंदू वेगळे ओळखणे ही एक गोष्ट आणि एखादी वस्तू दोन कडांच्या बरोबर मध्ये आहे की नाही हे ओळखणे ही दुसरी. दुसऱ्या कामात आपला डोळा पहिल्यापेक्षा पुष्कळ तरबेज आहे. तरीही भविष्य दुर्बिणीचेच होते, कारण अंधूक ताऱ्यांवरही तिने नेम धरता येई. पुढे हीच फुलीच्या तारांची दुर्बीण जमिनीच्या मोजणीसाठी थिओडोलाइटवर बसली. तिच्याच बळावर लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळून भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. ती उत्तरेकडे नेत असताना १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला.

बंदुकीपर्यंत दोनशे वर्षे

मग बंदुकीवर हे साधन चढायला दोनशे वर्षे का लागली? कारण तोवर खोट नेमात नव्हती, नळीत होती. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी शंभर मीटरवर कोठे जाईल याचा भरवसा नसे. नळीत पेचदार खाचा पाडलेल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या रायफली सुधारल्या तेव्हा कोठे डोळ्याची चूक ही मोठी चूक ठरली.

अमेरिकेतील यूटिका गावचा बंदूक-कारागीर मॉर्गन जेम्स आणि स्थापत्य अभियंता जॉन चॅपमन यांनी १८४० च्या दशकात रायफलसाठी दुर्बीण तयार केली. चॅपमनने १८४८ मध्ये नेमबाजीवरील आपल्या पुस्तकात तिची माहिती दिली. ही दुर्बीण जवळजवळ बंदुकीच्या नळीइतकी लांब, अरुंद आणि मिणमिणत्या प्रकाशाची होती. सिराक्यूज येथील विल्यम माल्कमने १८५५ पासून वर्णविपथन टाळणारी जोडभिंगे वापरून तिची प्रतिमा सुधारली. मुंबई इलाख्याच्या फौजेतील लेफ्टनंट कर्नल डेव्हिडसन यांचीही एक दुर्बीण होती. ती व्हिटवर्थ रायफलच्या डाव्या बाजूला बसे. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेच्या निशाणबाजांनी ती वापरली. आकाश मोजण्यासाठी सुचलेला धागा आता माणसांवर रोखला गेला होता.

सामान्य शिकाऱ्याला मात्र ही चीज परवडत नव्हती. १९३० मध्ये अमेरिकेतील विल्यम वीव्हर याने सुमारे तीन पट विशालनाची साधी दुर्बीण १९ डॉलरना विकायला आणली आणि ती लोकप्रिय झाली. तीन पट पुरेसे होते, कारण मुख्य काम धाग्याचे होते.

यानंतरच्या दोन सुधारणा महत्त्वाच्या. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग असले तर ०.९६ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ६६ टक्केच प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो. झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तन रोखणारा पातळ लेप शोधला. परावर्तन १ टक्क्यावर आणले तर तेच उत्तर ९० टक्के येते. दुसरी सुधारणा दमटपणाची. नळीतील ओलसर हवेमुळे भिंगे आतून धुरकट होत. अमेरिकेतील ल्यूपोल्ड कंपनीने १९४७ मध्ये नळीत कोरडा नायट्रोजन भरून ती बंद करण्यास सुरुवात केली.

पैसा कशासाठी मोजावा?

हा इतिहास लक्षात घेतला तर रास्त किमतीची दुर्बीण निवडण्याची कसोटी आपोआप मिळते. पहिला प्रश्न, धागा जिथे ठेवला तिथे राहतो का? दुर्बिणीवरील चकतीची एक ‘टिक’ साधारणपणे पाव कलेची असते. शंभर मीटरवर एक कला म्हणजे २९ मिलिमीटर, म्हणून एका टिकेला नेम सुमारे ७ मिलिमीटर सरकला पाहिजे. वीस टिका पुढे, वीस मागे फिरवल्यावर गोळी पुन्हा मूळ जागी लागली नाही, किंवा दहा-वीस गोळ्यांच्या धक्क्याने नेम हलला, तर बाकीचे सारे गुण व्यर्थ होत.

दुसरा प्रश्न प्रकाशाचा. वस्तुभिंगाच्या व्यासाला विशालनाने भागले की डोळ्यात येणाऱ्या झोताचा व्यास मिळतो. ३२ मिलिमीटरचे भिंग आणि ४ पट विशालन असेल तर तो ८ मिलिमीटर येतो. तेच भिंग १२ पटीवर नेले तर तो जेमतेम २.७ मिलिमीटर उरतो. संधिप्रकाशात तरुण डोळ्याची बाहुली ६–७ मिलिमीटर उघडते, म्हणजे बारा पटीचे चित्र मोठे खरे, पण काळपट. शिवाय विशालनाबरोबर हाताचा कंपही मोठा दिसतो आणि दृश्यक्षेत्र आक्रसते. म्हणून रानात शिकार करणाऱ्याला, जेथे ती कायद्याने चालते तेथे, कमी पटीची पण लेप दिलेली, घट्ट बंद दुर्बीण अधिक कामाची. स्थिर लक्ष्यावर नेम धरणाऱ्याला जास्त पट उपयोगी पडते, पण त्याने पराशय सुधारण्याची सोय आधी पाहावी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न मिटला आहे. दुर्बिणीचा विचार आता नेमबाजीपुरताच.

त्यातही ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बीण वापरता येत नाही. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते बारीक छिद्रातून आणि वर्तुळाकार माशीतून नेम धरून. त्या लक्ष्याच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. ५० मीटरवरून तो सुमारे ०.७ कलेचा कोन करतो, म्हणजे हूकने सांगितलेल्या मर्यादेहूनही लहान. काळे वर्तुळ माशीच्या कड्यात बरोबर मध्ये आहे की नाही, एवढेच डोळ्याला ठरवायचे असते. बारीक छिद्रामुळे जवळचे आणि लांबचे दोन्ही पुरेसे स्पष्ट दिसते. हेवेलियसच्या बाजूने याहून चांगला पुरावा कोणता?

वर्गात करून पाहण्यासारखे

३० सेंटिमीटर आणि ५ सेंटिमीटर नाभीय अंतराची दोन बहिर्वक्र भिंगे पुठ्ठ्याच्या नळ्यांत बसवा. नेत्रिकेपुढे ५ सेंटिमीटरवर बारीक धाग्याची फुली चिकटवा. दूरच्या झाडाकडे रोखून दोन्ही स्पष्ट दिसेपर्यंत नळी सरकवा. आता डोके किंचित डावी-उजवीकडे हलवले तरी फुली झाडावरून हलत नाही. नळी तशीच ठेवून १० मीटरवरील फळ्याकडे पाहा. त्याची प्रतिमा ३० ऐवजी ३०.९ सेंटिमीटरवर, म्हणजे धाग्याच्या मागे पडते, आणि डोके हलवताच फुली सरकताना दिसते. हाच पराशय. नऊ मिलिमीटरच्या फरकाने नेम कसा चुकतो, हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. ही नळी सूर्याकडे मात्र कधीही रोखू देऊ नये.