वळण

मराठीत मुलाला वळण लावतात आणि अक्षरालाही वळण असते. सोळाव्या शतकातल्या युरोपात या दोन वळणांची खरोखरीच गाठ पडली. १५५७ मध्ये ल्याँ शहरात रोबेर ग्रांजों याने हस्ताक्षरासारखा दिसणारा छपाईचा टंक वापरात आणला. त्या टंकात मुलांसाठी शिष्टाचाराची पुस्तके छापली जाऊ लागली आणि पुढे टंकालाच ‘सिव्हिलिते’, म्हणजे शिष्टाचार, असे नाव पडले.

या पुस्तकांचे मूळ म्हणजे इरास्मसने १५३० मध्ये काढलेली छोटी लॅटिन पुस्तिका. तत्त्वज्ञानातला हा सर्वांत ढोबळ भाग, असे त्याने आरंभीच मान्य केले आहे. तरीही ग्रीक नव्या कराराचे संपादन केलेला, साठी उलटलेला हा पंडित मुलाने पेला आणि स्वच्छ पुसलेली सुरी उजवीकडे ठेवावी, पाव डावीकडे ठेवावा, असे सांगत बसतो. बसल्याबरोबर भांड्यात हात घालणे हे लांडग्याचे काम. बरबटलेली बोटे चाटू नयेत, अंगरख्याला तर मुळीच पुसू नयेत. रुमालाला पुसावीत, नाहीतर टेबलावर अंथरलेल्या कापडाला. हे शेवटचे वाचून आजची कोणतीही आई ओरडेल! पण जेवणाऱ्याच्या हाती तेव्हा काटा आलेला नव्हता. सगळे एकाच भांड्यातून, बोटांनीच जेवत. आपण हाताने जेवतो म्हणून पुढे ज्यांनी नाके मुरडली, त्यांच्या पूर्वजांनी लहानपणी हेच नियम घोकले होते.

नॉर्बर्ट एलियासने १९३९ च्या आपल्या ग्रंथात ही पुस्तिका बारकाईने वाचली. लाज आणि किळस उपजत नसतात, शतकाशतकाने वाढत जातात, आणि समाजाला ज्याला शतके लागली ते मुलाला चार-दोन वर्षांत गाठावे लागते, असे त्याचे म्हणणे. जेवताना मुलावर एवढे डाफरावे का लागते, याचा इतका चांगला उलगडा माझ्या वाचनात दुसरा नाही. नाझी जर्मनीतून परागंदा झालेल्या या माणसाच्या आईचा अंत पुढे छळछावणीत झाला.

मला मात्र त्या पुस्तिकेतले दुसरेच काही जास्त मोलाचे वाटते. इरास्मस एका धर्मगुरूचा अनौरस मुलगा. पुस्तिका त्याने बर्गंडीच्या हेन्री नावाच्या उमरावपुत्राला उद्देशून लिहिली, पण तुला याची गरज नाही, तुझे नाव पाहून इतर मुले हे हौसेने शिकतील, असेही त्यालाच सांगून टाकले. आईबाप आणि देश कुणाला निवडता येत नाहीत. वागणे ज्याचे त्याला घडवता येते. पंगतीत कोणी कुठे बसायचे, की बसायचेच नाही, हे जन्मावरून ठरताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या वाक्याचे वजन वेगळे सांगायला नको.

अर्थात शिकलेले वळण न शिकलेल्याला हसायलाही उपयोगी पडते. इरास्मसला हे दिसले असावे, कारण पुस्तिकेच्या अखेरीस तो सगळ्या नियमांवर एक नियम ठेवतो: दुसऱ्याच्या चुकांकडे काणाडोळा करणे हाच शिष्टाचाराचा मोठा भाग, आणि सोबती अजाणता चुकला तर त्याला एकटे गाठून, गोडीने सांगावे.

पुढच्या काही वर्षांतच शाळांसाठी तिची प्रश्नोत्तरे तयार झाली. सुरी कुठे, पाव कुठे, हे त्यांत अगदी नीट बसते.