स्वागत समिती ते इव्हेंट कंपनी : नागपूरच्या मांडवाखालचा इतिहास

१/
'इव्हेंट मॅनेजमेंट' हा शब्द मराठी बोलण्यात रुळून जेमतेम तीन दशके झाली असतील. परंतु हजारो माणसांना एका ठिकाणी बोलावणे, उतरवून घेणे, जेवू घालणे, बसवणे आणि सुखरूप परत पाठवणे ही विद्या फार जुनी आहे. नागपूरने तिच्या दोन मोठ्या परीक्षा दिल्या : १९२० आणि १९५६. आजच्या धाग्यात त्यांची गोष्ट, आणि मध्ये खानदेशात एक थांबा.

२/
मी राहते त्या नंदनवनात लग्नसराई सुरू झाली की मांडवावर ड्रोन घिरट्या घालतो, मंचामागे एलईडीचा पडदा उजळतो आणि परदेशातले नातलग फोनच्या पडद्यावरून अक्षता टाकतात. आयोजकांकडे चौकशी केली तर तीन गोष्टी हटकून ऐकू येतात : मोजके पाहुणे, पर्यावरणपूरक सजावट, सर्वांचा एकाच रंगाचा पेहराव. तिन्हींवर 'नवा ट्रेंड' असा शिक्का असतो. तिन्हींना इतिहास आहे. तो वाचताना एक प्रश्न सोबत ठेवू : मांडवात पाहुणा कोण आणि राबणारा कोण?

३/
प्रश्नाची सुरुवात नागपूरबाहेर होते. १९०१ साली कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनाला गांधीजी गेले होते. तिथली अव्यवस्था त्यांनी आत्मकथेत नोंदवली आहे. स्वयंसेवक एकमेकांवर काम ढकलत होते. तमिळ प्रतिनिधींचे स्वयंपाकघर शिवाशिवीपायी कूड घालून वेगळे केलेले होते. शौचकूपांची दुर्दशा दाखवली, तेव्हा ते भंग्याचे काम आहे, असे उत्तर मिळाले. गांधीजींनी झाडू मागवला आणि स्वतःपुरती सफाई केली. राष्ट्राच्या सभेतही कामाची वाटणी जातीनेच झालेली होती.

४/
आता नागपूर, डिसेंबर १९२०. लोकमान्य टिळकांचे निधन होऊन पाच महिने झाले होते. अधिवेशनाचे अध्यक्ष सी. विजयराघवाचारियर, तर स्वागताध्यक्ष वर्ध्याचे जमनालाल बजाज. असहकाराच्या ठरावावर इथे शिक्कामोर्तब व्हायचे होते. साहजिकच देशभरातून साडेचौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी आले, प्रेक्षक निराळेच. आजचा काँग्रेसनगर हा भाग त्या अधिवेशनाचे नाव अजून बाळगून आहे.

५/
त्या काळी यजमान प्रांताची 'स्वागत समिती' म्हणजेच आजची इव्हेंट कंपनी. निधी गोळा करणे, मंडप, निवास, भोजन, पाणी, दिवाबत्ती, स्वयंसेवकांची पथके, सारे तिच्याच शिरावर. फरक एवढाच की या कंपनीला नफा नव्हता, आणि कार्यक्रम संपला की ती विसर्जित होत असे.

६/
या गर्दीचा धडा थेट काँग्रेसच्या घटनेत उतरला. तोवर प्रतिनिधींच्या संख्येला मर्यादाच नव्हती. गांधीजींच्या मसुद्यात ती सुमारे १,५०० होती. विषय नियामक समितीने ती ६,००० केली. नागपुरात संमत झालेल्या घटनेने ५०,००० लोकसंख्येमागे एक प्रतिनिधी असे प्रमाण ठरवले. याच घटनेत भाषावार प्रांतरचना आणि चार आण्यांचे सभासदत्वही आले. म्हणजे आत बसणाऱ्यांची यादी आखडली आणि संघटनेचे दार मात्र रुंद झाले.

७/
'मोजके पाहुणे' या आजच्या ट्रेंडमागेही निव्वळ हौस नाही. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या निर्बंधांमुळे महाराष्ट्रात लग्नाला २५ माणसे आणि दोन तास एवढीच मुभा होती. नियम मोडल्यास ५०,००० रुपये दंड. छोट्या समारंभाची सवय अनेक घरांना तेव्हा लागली. आज त्याच छोटेपणाचे महागडे पॅकेज मिळते.

८/
आता खानदेशात जाऊ. डिसेंबर १९३६, फैजपूर. काँग्रेसचे खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन; अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींनी सजावटीसाठी शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावले. अट अशी, की साहित्य स्थानिक हवे आणि हात गावच्या कारागिरांचे. बांबू आणि परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तू यांतून अधिवेशनाची नगरी उभी राहिली.

९/
आज 'सस्टेनेबल डेकोर' म्हणून बांबूची कमान दुसऱ्या राज्यातून ट्रकने मागवली जाते, तेव्हा फैजपूर आठवावे. तिथे बांबू सुंदर दिसतो म्हणून निवडला नव्हता. समारंभावर खर्च होणारा पैसा कोणाच्या हाती जावा, याचा तो निर्णय होता.

१०/
आणि मग १९५६. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २३ सप्टेंबरला निवेदन काढले : १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीला, नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेणार. हाताशी अवघे तीन आठवडे होते. आज बरे सभागृह मिळवायचे तर याहून कितीतरी आधी धावपळ करावी लागते. जबाबदारी होती भारतीय बौद्धजन समितीच्या नागपूर शाखेवर. चिटणीस होते वामनराव गोडबोले.

११/
व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचे सुमारे १४ एकरांचे मोकळे मैदान निवडले गेले. व्यासपीठावर सांचीच्या स्तूपाची प्रतिकृती. स्त्रियांची आणि पुरुषांची बसण्याची स्वतंत्र व्यवस्था. दीक्षा देण्यासाठी कुशीनगरहून वयोवृद्ध भिक्खू चंद्रमणी आले. बाबासाहेब ११ ऑक्टोबरलाच नागपुरात पोहोचले होते. मुक्काम सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात. उपस्थितीचे अंदाज तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात.

१२/
या लाखोंना कोणी तिकीट पाठवले नव्हते. माणसे रेल्वेने आली, बैलगाडीने आली, पायी आली. प्रवासखर्चासाठी काहींनी अंगावरचा दागिना विकला. मैदान पांढऱ्या लुगड्यांनी आणि सदऱ्यांनी भरून गेले. आज पत्रिकेवर 'ड्रेस कोड' छापतात तो छायाचित्रांसाठी. त्या दिवशीच्या पांढऱ्या रंगाला वेगळा अर्थ होता : ज्यांच्या कपड्यांवरून, दागिन्यांवरून आणि भांड्यांवरूनही जात ओळखली जाई, ती माणसे एका रंगात उभी होती.

१३/
आयोजनाच्या दृष्टीने आणखी एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. उशिरा पोहोचलेल्यांसाठी दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, पुन्हा दीक्षाविधी झाला. दूरवरून चालत आलेल्या माणसाला 'वेळ संपली' असे सांगितले गेले नाही. ज्या समाजाला गावच्या पंगतीत शेवटी आणि लांब बसावे लागे, त्याच समाजाने हा समारंभ उभारला होता. पाहुणे तेच, यजमान तेच, राबणारेही तेच.

१४/
म्हणून 'पूर्वी सेवाभाव होता, आता धंदा झाला' असे म्हणून हा धागा संपवता येणार नाही. पूर्वीच्या गावगाड्यात मशाल धरणे, वाजंत्री वाजवणे, उष्टी काढणे ही कामे जातीने वाट्याला येत. नाही म्हणण्याची सोय नव्हती. त्या सक्तीपेक्षा आजची ठरलेली मजुरी केव्हाही बरी. १९९१ नंतर समारंभांचा जो बाजार वाढला, त्यातून मंडपवाले, केटरर, ध्वनियंत्रणावाले, फुलवाले अशा असंख्य घरांच्या चुली पेटल्या.

१५/
पण अर्धे काम बाकी आहे. वरातीच्या दोन्ही अंगांनी डोक्यावर जड दिवे घेऊन चालणाऱ्या बाया पाहा. चित्रफितीत प्रकाश दिसतो. दिवा धरणारीचा चेहरा नेमका काठावर कापला जातो. रात्री दोन वाजता ताटे विसळणारा मुलगा कोणत्याही अल्बममध्ये नसतो. मजुरी मिळाली, तरी मांडवाच्या आतली आणि बाहेरची रेषा तिथेच आहे.

१६/
याच नागपुरात दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक दीक्षाभूमीवर येतात. रस्तोरस्ती भोजनदानाचे मंडप लागतात, समता सैनिक दलाचे स्वयंसेवक गर्दीला वाट करून देतात, पुस्तकांच्या दुकानांपुढे रांगा लागतात. वाढणारा आणि जेवणारा सारखाच मानाने उभा असतो. समारंभाचा 'दर्जा' मोजायचा असेल तर माझ्या मते मापदंड हा आहे.

१७/
शेवटी एक विनंती. १९५६ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे. तुमच्या घरात, शेजारात असे कोणी असेल तर आत्ताच जाऊन विचारा : कसे आलात, कुठे उतरलात, काय खाल्लेत, स्वयंपाक कोणी केला, पाणी कोणी भरले? व्यासपीठावरच्यांची नावे इतिहासाने लिहून ठेवली आहेत. पाणी भरणाऱ्यांची नावे अजून काही घरांत आठवणीत आहेत. ती परवानगीने, तारखेसह, वहीत उतरवून घ्या.