पांझरेकाठचा इंजिनिअर

या शतकमहोत्सवी अंकात विणेकऱ्यांच्या, टाळकऱ्यांच्या आठवणी आहेतच. त्यांच्या पंगतीत एका इंजिनिअरला का बसवलं, असं कोणी माऊली विचारतील. उत्तर आमच्या पांझरेत आहे.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हैसूरकडचे. वडील लवकर गेले. शिकवण्या करून शिकले आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. तेव्हा धुळं-जळगाव वेगळं नव्हतं; सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा. सुरुवातीलाच त्यांच्याकडे काम आलं दातर्तीला, पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळ टाकून पाणी पलीकडे नेण्याचं. दिवस पावसाळ्याचे. त्यांनी साहेबाला लिहिलं, पाऊस ओसरू द्या. उलट शिस्तीवरून बोलणीच खावी लागली. मग वाद न घालता त्यांनी त्या पावसातच काम तडीला नेलं.

वारकऱ्यांचे फड, तसे आमच्याकडे पाण्याचेही फड. नदीला बंधारा, जमिनीचे भाग, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पुढे विश्वेश्वरय्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी जी ब्लॉक पद्धत मांडली, तीही जमिनीचे भाग पाडून पिकं आलटूनपालटून घेण्याचीच. १९०३ साली त्यांनी खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. ते पाणी मुठेतून भीमेला मिळतं, आणि भीमाच पंढरीत चंद्रभागा होते.

१९०८च्या सुमारास त्यांनी आपणहून निवृत्ती घेतली. खरं मोठं काम त्यानंतरचं! हैदराबादच्या मुसी नदीच्या पुराचा बंदोबस्त, कृष्णराजसागर धरण, १९१२ ते १९१८ म्हैसूरचं दिवाणपद. संसारसुख फारसं लाभलं नाही, पण गोतावळा मोठा. दिवाण होण्याआधी त्यांनी नातलगांना जेवायला बोलावलं आणि 'माझ्याकडे वशिला मागणार नसाल तरच पद घेतो' असं सांगितलं, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. १९५५ला भारतरत्न मिळालं. १९६२ साली, शंभरी ओलांडून, ते गेले.

आमच्या दिंडीत पेन्शनीत निघालेले पुष्कळ. 'आता काय, टाळ वाजवायचे,' म्हणतात. टाळ तर वाजवायचेच. पण हिशेब, पाण्याचा टँकर, मुक्कामाची जागा हेही पाहायला जाणती माणसं लागतात. या पांझरेकाठच्या माणसानं निवृत्तीनंतर निम्मं आयुष्य काम केलं. आपल्या हातून दिंडीची दहा वर्षं तरी व्हावीत.

रामकृष्णहरी!