सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान: कुठे बंदी, कुठे तुमची मर्जी

विडी किंवा सिगारेट ओढणे हा भारतात गुन्हा नाही. ती कुठे ओढता, यावर कायद्याचे बंधन आहे. सिगारेट व इतर तंबाखूजन्य उत्पादने कायदा, २००३ (कोटपा) याच्या कलम ४ नुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई आहे. विडी, चिलीम, हुक्का हेसुद्धा त्यात येतात.

बंदीमागचे कारण

मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला. जो स्वतः ओढत नाही, त्याला दुसऱ्याचा धूर सोसायला लावणे म्हणजे त्याच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, हा त्यातील मुख्य विचार. आजचे सविस्तर नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत.

सार्वजनिक ठिकाण म्हणजे काय?

जागा कोणाच्या मालकीची आहे हे पाहिले जात नाही. तिथे लोकांची ये-जा आहे का, हे पाहिले जाते. त्यामुळे दवाखाना, शाळा, न्यायालय, सरकारी कार्यालय, एसटी आणि रेल्वे यांच्याबरोबरच खासगी कारखाना, चहाचे हॉटेल, चित्रपटगृह हेही सार्वजनिक ठिकाण ठरते. रेशन दुकान किंवा सेवा केंद्र एखाद्याच्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत असले, तरी त्या खोलीत बंदी लागू समजा.

सर्वाधिक वाद होतो तो उघड्या जागेवरून. "वर छप्पर नाही, मग काय अडचण?" असे बस थांब्यावर हमखास ऐकू येते. मूळ कायद्यात मोकळ्या जागेला सूट आहे हे खरे. पण २००८ च्या नियमांनी बस थांबा, रेल्वे स्थानक, स्टेडियम अशी लोक जमतात ती ठिकाणे त्या सुटीतून वगळली आहेत. म्हणजे फलाटाच्या उघड्या टोकाला उभे राहूनही दंड होऊ शकतो. स्वतःच्या शेतात होणार नाही.

वेगळी धूम्रपान खोली फक्त विमानतळ, ३० किंवा अधिक खोल्यांचे हॉटेल आणि ३० किंवा अधिक आसनांचे उपाहारगृह यांनाच ठेवता येते. दवाखान्यात वा कचेरीत "मागच्या जिन्यात चालते" असे कोणी सांगितले, तर ते चूक आहे.

स्वतःच्या घरात

राहत्या घराला हा कायदा लागू नाही. तिथे निर्णय तुमचा आणि घरातल्यांचा. मात्र एका खोलीच्या घरात धूर बाळापर्यंत, गरोदर बाईपर्यंत पोचतोच. खिडकी उघडल्याने तो पुरता जात नाही.

दंड आणि लाभ

केंद्रीय कायद्यानुसार दंड २०० रुपयांपर्यंत आहे. काही राज्यांनी दुरुस्ती करून तो वाढवला आहे, म्हणून आपल्या राज्याचा आकडा तपासा. दंड भरल्यावर पावती घ्या.

दंड झाला म्हणून रेशन, पेन्शन किंवा घरकुल बंद करण्याची तरतूद या कायद्यात नाही. तशी धमकी कोणी दिली, तर लेखी आदेश मागा.

दुसरा कोणी ओढत असेल तर

प्रत्येक सार्वजनिक ठिकाणी प्रवेशद्वाराशी किमान ६० सेंमी × ३० सेंमी आकाराचा "धूम्रपान निषिद्ध क्षेत्र – येथे धूम्रपान करणे गुन्हा आहे" असा फलक हवा. तक्रार कोणाकडे करायची, त्या व्यक्तीचे नावही तिथे ठळक लावलेले असले पाहिजे. ओढणाऱ्याशी स्वतः भांडू नका; त्या व्यक्तीला सांगा. तक्रार मिळूनही तिने काहीच केले नाही, तर जितके गुन्हे घडले तितका दंड तिच्यावर किंवा मालक-व्यवस्थापकावर बसू शकतो. फलकच नसेल, तर कार्यालय प्रमुखाकडे दोन ओळींचा अर्ज द्या आणि पोच घ्या.

सोडायचे असल्यास

राष्ट्रीय तंबाखू मुक्ती सेवेचा क्रमांक १८००-११-२३५६ आहे. फोन मोफत आहे.