पडलेलं मोठं झाड कापायला कोणता चेनसॉ घ्यावा?
मे-जूनच्या वादळात आपल्या जळगाव-धुळ्याकडे बांधावरचे कडुनिंब आडवे होतात. आमच्या शेतरस्त्यावर एक पडला, तेव्हा मी चेनसॉ शोधायला बसलो. मित्रांनो, ऑफर पाहून लगेच ऑर्डर करू नका. आधी खोड मोजा. दोरीने घेर घ्या, 3.14 ने भागा. घेर 50 इंच, तर जाडी साधारण 16 इंच. बार त्याहून 2 इंच लांब, म्हणजे 18 इंची घ्या. त्याला 45-50 सीसीचं पेट्रोल इंजिन बरं. वादळानंतर लाइट नसते, वायरवाला पडून राहतो. चेन ब्रेक नसेल तर घेऊच नका. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, की सॉ उसळून थेट तोंडाकडे येतो. फांद्यांत विजेची तार अडकली असेल, तर आधी महावितरणला फोन करा.