नागझिरा-नवेगावच्या वाटा : प्रवेशाचे नियम आणि वाहनचालकाची जबाबदारी

तलावांचा आणि धानाचा जिल्हा ही गोंदियाची जुनी ओळख. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा नागझिऱ्याच्या अरण्याचा बराचसा भाग आणि नवेगावबांधचा परिसर त्याच्या वाट्याला आले. साग, ऐन, बीजा, तेंदू, मोह आणि बांबू यांनी भरलेल्या या पानझडी जंगलात वाघ, बिबट्या, अस्वल, गवा आणि रानकुत्र्यांचे कळप नांदतात. ते पाहण्यासाठी नागपूर, पुणे, मुंबईपासून रायपूरपर्यंतचे पर्यटक येथे येतात. यातील जवळजवळ प्रत्येकजण हे जंगल वाहनात बसून पाहतो. त्यामुळे वाहन कोठे न्यावे, किती वेगाने न्यावे आणि कोठे थांबवावे, हे प्रश्न येथील वन्यजीवांच्या दृष्टीने जीवनमरणाचे ठरतात.

नागझिऱ्याला अभयारण्याचा दर्जा १९७० मध्ये, तर नवेगावला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९७५ मध्ये मिळाला. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान आणि नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा व कोका ही चार अभयारण्ये एकत्र करून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित करण्यात आला. महाराष्ट्रातील हा पाचवा व्याघ्र प्रकल्प होय. गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत तो पसरला आहे. नकाशावर पाहिल्यास त्याचे घटक सलग नाहीत, हे लगेच ध्यानात येते. नवेगाव आणि नागझिरा यांच्यामध्ये गावे आहेत, शेती आहे आणि रहदारीचे रस्ते आहेत. प्रस्तुत विषयाचे मर्म याच भूगोलात दडलेले आहे.

प्रवेश हा हक्क नव्हे, परवाना

अभयारण्यात जाणे हा नागरिकाचा हक्कच आहे, असा अनेकांचा समज असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची भूमिका नेमकी उलट आहे. या कायद्याच्या कलम २७ नुसार अभयारण्यात प्रवेशास मुळात मनाई आहे आणि कलम २८ नुसार अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन अशा ठरावीक कारणांसाठी परवाना दिला जातो. वन्यप्राण्यांना डिवचणे, त्रास देणे किंवा अभयारण्यात कचरा टाकणे हा कलम २७ चाच भंग ठरतो. आग लावण्यास कलम ३० ने, तर विनापरवाना शस्त्र बाळगून आत जाण्यास कलम ३१ ने बंदी आहे. २०२२ च्या दुरुस्तीने या कायद्यातील सर्वसाधारण दंडाची कमाल मर्यादा २५ हजारांवरून १ लाख रुपयांवर नेण्यात आली.

व्याघ्र प्रकल्पातील पर्यटनाची सध्याची चौकट २०१२ मध्ये आकाराला आली. त्या वर्षी २४ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन अंतरिम आदेशाने थांबविले. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाल्यानंतर १६ ऑक्टोबर रोजी ही बंदी उठली. गाभा क्षेत्राच्या २० टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनासाठी वापरू नये, प्रत्येक प्रकल्पाने आपल्या वहनक्षमतेनुसार वाहनांची संख्या ठरवावी, वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर राखावे आणि प्राण्यांना घेरू नये, आमिष दाखवू नये वा खाऊ घालू नये, हे त्या तत्त्वांचे सार होय. ‘आज गाड्यांचा कोटा संपला’ असे फाटकावर सांगितले जाते, त्यामागे ही वहनक्षमतेची मोजणी असते. कर्मचाऱ्याशी हुज्जत घालून ती बदलत नाही.

नागझिऱ्यात जाण्यासाठी तिरोड्याकडून चोरखमारा, साकोलीकडून पिटेझरी, तसेच मंगेझरी आणि उमरझरी अशी प्रवेशद्वारे आहेत. आरक्षण वन विभागाच्या संकेतस्थळावरून करता येते. आरक्षणाच्या वेळी ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला असेल, तेच मूळ स्वरूपात जवळ ठेवावे. सफारी सकाळी आणि दुपारी अशा दोन सत्रांत होते. सूर्योदय-सूर्यास्तानुसार वेळा ऋतुमानाप्रमाणे बदलतात. पावसाळ्यात कच्चे रस्ते चिखलाने भरतात आणि तो बहुतांश प्राण्यांना निवांतपणा देण्याचाही काळ असतो, म्हणून गाभा क्षेत्रातील पर्यटन तेव्हा बंद राहते. आठवड्याची सुटी व त्या हंगामातील वेळा निघण्यापूर्वी पाहून घ्याव्यात.

वाटेवरील शिस्त

नोंदणीकृत उघडी जिप्सी आणि सोबत प्रशिक्षित गाईड, ही सफारीची रूढ पद्धत. मारुती कंपनीने १९८५ पासून बनविलेल्या या वाहनाचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले असले, तरी जंगलातील सफारीच्या गाडीला आजही सर्रास ‘जिप्सी’ हेच नाव आहे. हलके वजन, चारही चाकांना मिळणारी गती आणि खडबडीत वाटेवरील टिकाऊपणा हे तिचे गुण. मात्र तिला दरवाजाचे व छताचे संरक्षण नसते. म्हणूनच गाडीत उभे राहून बाहेर झुकणे, टपाच्या दांड्यावर बसणे किंवा लहान मुलांना काठावर उभे करणे धोक्याचे ठरते. खड्ड्यातून जाताना किंवा अचानक ब्रेक लागल्यास पर्यटक खाली पडू शकतो आणि खाली जे जंगल आहे, तेथे पायी उतरण्यास परवानगी नसते.

आखून दिलेल्या वाटेवरून गाडी खाली उतरविणे हा सर्वांत गंभीर दोष मानला जातो. दाबली गेलेली माती पाणी शोषत नाही; त्या पट्ट्यात गवत पुन्हा लवकर येत नाही आणि पहिल्या पावसात तेथून ओघळ फुटतो. गवतात दडलेली टिटवीची अंडी किंवा चितळाचे पाडस चालकाला दिसणेही कठीण असते. एका गाडीने केलेली चाकोरी दुसरी गाडी वापरते आणि पाहता पाहता तेथे नवी वाट तयार होते.

जंगलातील वाटांवर वेग साधारणतः ताशी २० किलोमीटरच्या आसपास ठेवण्याचा दंडक असतो. त्याचा संबंध केवळ अपघाताशी नाही. वेगाने जाणाऱ्या गाडीची धूळ काठावरच्या झाडोऱ्यावर बसते आणि इंजिनाचा आवाज दूरवर जातो. वाघाची चाहूल लागली की चितळ आणि वानरे धोक्याची हाक देतात. त्या आवाजावरूनच अनुभवी गाईड दिशा ओळखतो. धावत्या गाडीत ती हाक ऐकूच येत नाही. म्हणजे सावकाश जाणाऱ्यालाच अधिक दिसते, हा साधा व्यवहार आहे.

प्राणी दिसल्यास गाडी वाटेच्या एका कडेला थांबवावी, इंजिन बंद करावे आणि मागे वळण्यास जागा मोकळी ठेवावी. प्राण्याचा जाण्याचा मार्ग कोणत्या बाजूस आहे, हे पाहून ती बाजू अडवू नये. अस्वल किंवा पिलांसह असलेली मादी समोर असल्यास २० मीटर हे किमान अंतर आहे, पुरेसे नव्हे, हे लक्षात ठेवावे. प्राणी थबकून टक लावून पाहू लागला, कान मागे घेतले, फुत्कार टाकला किंवा जमिनीवर पाय आपटला, तर तो अस्वस्थ आहे. अशा वेळी छायाचित्राचा मोह सोडून हळूहळू मागे सरकणे इष्ट.

भ्रमणध्वनीबाबतही आता स्पष्टता आली आहे. एकाने वाघ दिसल्याचे कळविले की दहा गाड्या त्या दिशेने धाव घेतात, हा अनुभव सर्वत्र येत होता. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पासंबंधीच्या प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्राच्या पर्यटन विभागात भ्रमणध्वनीच्या वापरास आणि रात्रीच्या पर्यटनास मनाई करण्याचे निर्देश दिले.

उमरेडचा धडा

नियम कागदावर असूनही मोडले जातात, याचे ठळक उदाहरण शेजारीच घडले. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे यांना दोन्ही बाजूंनी सफारीच्या गाड्यांनी अडविल्याची चित्रफीत सर्वदूर पसरली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. वन विभागाने संबंधित चालक आणि गाईड यांच्यावर निलंबनाची व दंडाची कारवाई केली.

कारवाई योग्यच होती. तथापि तिच्या मागची साखळीही पाहिली पाहिजे. जिप्सीचालक आणि गाईड हे बहुधा लगतच्या गावांतील तरुण असतात. सफारीच्या फेऱ्यांवर त्यांचे घर चालते. ‘आणखी थोडी पुढे घ्या’ असा आग्रह मागच्या आसनावरून होतो आणि वाघ दिसला तरच बक्षिशी, असा अलिखित करारही तेथूनच येतो. चूक घडली की पर्यटक आपल्या शहरात परततो. निलंबन मात्र त्या तरुणाच्या वाट्याला येते. म्हणून सुज्ञ पर्यटकाने प्रारंभीच चालकाला सांगावे, की वाघ दिसला नाही तरी चालेल, नियम मोडू नका. बक्षिशी द्यावयाची तर ती चांगल्या वागणुकीसाठी आणि दिलेल्या माहितीसाठी द्यावी. हे एक वाक्य दहा फलकांहून अधिक काम करते.

फाटकाबाहेरचे जंगल

येथपर्यंतचे नियम फाटकाच्या आतले झाले. पण कलम २७ मध्ये एक अपवाद आहे : अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावरून प्रवास करणाऱ्यास परवाना लागत नाही. हा अपवाद व्यवहार्य आहे, कारण गावांची ये-जा थांबविता येत नाही. मात्र त्याचा परिणाम असा, की आत ताशी २० किलोमीटरने जाणारा पर्यटक फाटकाबाहेर येताच महामार्गाचा वेग पकडतो. तेथे गाईड नसतो, वेगावर नजर ठेवणारे सहसा कोणी नसते, आणि वाघ तर तोच असतो.

गोंदिया-कोहमारा मार्गावरील मुरदोलीच्या जंगलात १० ऑगस्ट २०२३ च्या रात्री रस्ता ओलांडणाऱ्या एका तरुण वाघास मोटारीची धडक बसली. गंभीर जखमी झालेला वाघ रस्त्यावरून कसाबसा सरपटत जंगलाकडे जातानाची चित्रफीत अनेकांनी पाहिली. दुसऱ्या दिवशी उपचारासाठी नागपूरला नेत असताना त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ब्रह्मपुरीच्या जंगलातून आणलेल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडण्यात आल्या होत्या. एकीकडे शासनाने मोठ्या परिश्रमाने वाघांची संख्या वाढवावी आणि दुसरीकडे ती एका क्षणात घटावी, असा हा विरोध होता.

नवेगाव आणि नागझिरा यांना जोडणारा वन्यप्राण्यांचा भ्रमणमार्ग हे रस्ते छेदतात. येथून पुढे कान्हा आणि पेंचच्या दिशेनेही प्राण्यांची ये-जा असते. ‘जय’ नावाचा प्रसिद्ध वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्यातूनच उमरेड-कऱ्हांडल्यापर्यंत गेला होता. तरुण नराने नवा प्रदेश शोधणे हा त्याचा स्वभावधर्म आहे आणि प्रत्येक रस्ता ही त्याची परीक्षा असते. रचना योग्य असेल तर प्राणी ती परीक्षा सहज पार पाडतात. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या महाराष्ट्रातील टप्प्यावर वन्यप्राण्यांसाठी ९ भुयारी मार्ग व पूल बांधण्यात आले. तेथे लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी वाघासह १८ जातींचे प्राणी त्याखालून जाताना टिपले. पण प्रत्येक रस्त्यावर अशी रचना होईपर्यंत चालकाचा पाय हाच उपाय उरतो.

त्याचे गणित सोपे आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला ११ मीटर अंतर कापते. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावर गाडी थांबण्यास सुमारे ९ मीटर लागतात. एकूण २० मीटर. वेग दुप्पट, म्हणजे ८० केल्यास ब्रेकचे अंतर चौपट होते आणि एकूण अंतर ५५ मीटरांच्या पुढे जाते. खाली वळविलेल्या दिव्यांचा उपयुक्त प्रकाश साधारणतः तेवढ्या अंतरापर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे प्राणी दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल. ओल्या रस्त्यावर हे अंतर आणखी वाढते.

यासाठी जंगलपट्ट्यात, विशेषतः सायंकाळपासून पहाटेपर्यंत, वेग ४० च्या आत ठेवावा. कडेला चकाकणारे डोळे दिसताच थांबण्याच्या तयारीने वेग कमी करावा. प्रखर दिव्यांमुळे प्राणी गोंधळून जागीच खिळतो, म्हणून दिवे खाली वळवावेत आणि कर्कश हॉर्न टाळावा. एक चितळ गेले की मागून दुसरे येणार हे गृहीत धरावे. मोहाची फुले आणि तेंदूपत्ता गोळा करण्याच्या दिवसांत पहाटेच रस्त्याने निघालेले गावकरीही असतात, त्यांचाही विचार करावा. वाहनातून अन्नपदार्थ फेकू नयेत; त्यामुळे वानरे रस्त्यावर येतात आणि त्यांच्या मागे बिबट्या. धडक झालीच, तर जखमी प्राण्याजवळ जाऊ नये, चित्रीकरणासाठी गर्दी करू नये, मागच्या वाहनांना सावध करावे आणि १९२६ या वन विभागाच्या निःशुल्क क्रमांकावर कळवावे.

फाटकावर परवाना दाखवून आत जाणारा पर्यटक काही तासांचा पाहुणा असतो. परंतु मुरदोलीच्या रस्त्यावरून जाणारा प्रत्येक वाहनचालक, मग तो धानाची पोती नेणारा असो वा लग्नाला निघालेला, त्याच जंगलाचा प्रवासी असतो. नागझिऱ्यातील वाघांचे भवितव्य फाटकावरील कर्मचाऱ्याइतकेच या चालकांच्या हाती आहे.