मोबाईलवर गाणं बनवताय? ऑनलाइन चॅलेंज आणि फीडबॅकमधून संगीत कसं सुधारायचं

थोडंफार गाता येतं, घरात एखादी पेटी किंवा गिटार आहे, फोनमध्ये रेकॉर्डिंगचं ॲप आहे, पण पुढे काय करायचं ते कळत नाही, अशी तुमची अवस्था असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी स्वतः या अवस्थेत दोन वर्षं काढली आहेत.

मी मिरजेची. आमच्याकडे सतार आणि तंबोरे बनतात, त्यामुळे 'संगीत शिकायचं तर गुरूकडे जा' हे लहानपणापासून कानावर पडलेलं. ते खोटं नाही. पण मला मैफल गाजवायची नव्हती. मला आजोबांच्या पेटीचा आवाज घेऊन फोनवर स्वतःची गाणी बनवायची होती. ती ऐकून खरं काय ते सांगणारं कोणी नव्हतं. आईला ऐकवलं की 'छान झालंय गं', मैत्रिणींना पाठवलं की तीन बदाम. दोन वर्षांत सोळा गाणी झाली आणि सोळावं पहिल्याइतकंच कच्चं होतं. आपल्यात काही नाही असं ठरवून मी कीबोर्ड विकायला फोटोसुद्धा काढून ठेवले होते.

आधी माझी फजिती ऐका

सोशल मीडियावर एका गायन स्पर्धेची जाहिरात दिसली. प्रवेश फी 399 रुपये, ज्याला जास्त मतं तो विजेता. मी फी भरली, गाण्याची लिंक पाठवली आणि नात्यागोत्यातल्या सगळ्यांना मेसेज केले. महिन्याने 'उत्कृष्ट सादरीकरण' असं लिहिलेलं प्रमाणपत्र पीडीएफमध्ये आलं. आईने ते प्रिंट करून घेतलं. नंतर कधीतरी लक्षात आलं, की मी पाठवलेली लिंक प्रायव्हेट होती. म्हणजे माझं गाणं कोणी उघडूच शकलं नसतं! न ऐकताच सादरीकरण उत्कृष्ट ठरलं होतं.

त्यामुळे आता कुठेही गाणं पाठवण्याआधी मी तीन गोष्टी बघते. फी आहे का? निकाल ऐकून लागतो की लाइक मोजून? आणि गाण्यावर हक्क कोणाचा राहतो? पहिल्या दोनांतलं काही खटकलं तर विचार करते. तिसरं खटकलं तर पाठवतच नाही.

मग कुठे जायचं?

जगभरात हौशी लोकांनी चालवलेले असे उपक्रम आहेत, जिथे बक्षीस जवळपास नसतंच. मुदत असते, विषय असतो आणि ऐकणारी माणसं असतात.

'फेब्रुअरी अल्बम रायटिंग मंथ' म्हणजे फॉम हा त्यातला जुना. 2004 साली सुरू झाला. फेब्रुवारीच्या 28 दिवसांत 14 गाणी लिहायची, म्हणजे दोन दिवसांत एक. परीक्षक नाही, नंबर नाही. लोक एकमेकांची गाणी ऐकून त्याखाली लिहितात, एवढंच. याच धर्तीवर उन्हाळ्यात 'फिफ्टी नाइन्टी' चालतं, 4 जुलै ते 1 ऑक्टोबर, 90 दिवसांत 50 गाणी. उन्हाळा अर्थात अमेरिकेतला, आपल्याकडे तेव्हा पाऊस आणि गणपती असतात.

'साँग फाइट' 2000 पासूनचं. तिथे गाण्याचं फक्त शीर्षक देतात, त्यावर गाणं करायचं आणि मग मतदान. तिथली मंडळी परखड बोलतात. पहिल्याच दिवशी तिथे जाऊ नका, असं माझं प्रामाणिक मत. 'वन अवर कॉम्पो'मध्ये नावाप्रमाणे एका तासात ट्रॅक पूर्ण करायचा असतो.

मला सगळ्यात मानवलं ते 'डिस्क्वायट जुंटो'. सॅन फ्रान्सिस्कोचे मार्क वायडनबॉम यांनी जानेवारी 2012 मध्ये हे सुरू केलं. दर गुरुवारी एक काम जाहीर होतं, सोमवारी रात्री 11:59 पर्यंत करून टाकायचं, आणि ती वेळ तुमच्या गावची धरायची. अमेरिकेचं घड्याळ बघत बसावं लागत नाही. नावातला 'जुंटो' बेंजामिन फ्रँकलिनने 1727 मध्ये फिलाडेल्फियात काढलेल्या मंडळावरून घेतलाय. पहिलं काम होतं, ग्लासातल्या बर्फाचा आवाज रेकॉर्ड करा आणि त्यातून काहीतरी बनवा. दर जानेवारीत तेच काम पुन्हा देतात. मी स्टीलच्या फुलपात्रात बर्फ हलवला आणि त्यावर केरव्याचा ठेका बसवला. घरात सगळ्यांना वाटलं, हिला खुळ लागलंय.

हे सगळं इंग्रजीत चालतं, पण घाबरू नका. मराठीत गायलं तरी चालतं. शब्दांचा अर्थ दोन ओळींत लिहून टाका. उलट शब्द कळत नसल्यामुळे लोक चाल आणि ताल जास्त लक्ष देऊन ऐकतात.

'तुझा तबला उशिरा येतोय'

मी टाकलेल्या पहिल्या मराठी गाण्याला हे उत्तर आलं. मला राग आला. मी पॅडवर बोटांनी तबला वाजवला होता आणि तो सुरेख वाजवला होता! तोल सावरायला दोन दिवस गेले. मग मेट्रोनोम लावून गाणं ऐकलं. माणूस बरोबर होता. पण चूक माझ्या हाताची नव्हती, माझ्या ब्लूटूथ इअरबडची होती.

होतं असं की, फोनमधला आवाज ब्लूटूथने कानात यायला वेळ लागतो. साध्या इअरबडला 150 ते 200 मिलिसेकंद सहज लागतात. याला लेटन्सी म्हणतात. व्हिडिओ बघताना फोन चित्र थोडं थांबवून हे झाकतो, त्यामुळे आपल्याला कळत नाही. वाजवताना झाकता येत नाही. आता गणित करा. गाण्याची लय मिनिटाला 90 मात्रा असेल तर एक मात्रा 667 मिलिसेकंदांची, पाव मात्रा 167 ची. म्हणजे मी ठेका ऐकून त्यावर वाजवत होते तेव्हा प्रत्येक बोल साधारण पाव मात्रा मागे पडत होता. दोन वर्षं, सोळा गाणी.

उपाय फुकटासारखा आहे. वायरचा हेडफोन लावा. फोनला गोल पिन बसत नसेल तर टाइप सीचा छोटा डोंगल मिळतो. अँड्रॉइडवर वायर लावूनही थोडा उशीर राहतो, म्हणून काही रेकॉर्डिंग ॲपमध्ये लेटन्सी मोजून दुरुस्त करायची सोय दिलेली असते. सेटिंगमध्ये एकदा शोधा. नसेल तर रेकॉर्ड झालेला ट्रॅक बोटाने थोडा मागे ओढून समेवर बसवा.

त्या रात्री मी कीबोर्डचे फोटो डिलीट केले.

पेटी आणि ॲपचं भांडण

दुसरी तक्रार जरा गूढ होती. एकीने लिहिलं, 'मागे काहीतरी थरथरतंय.' मला काहीच ऐकू येत नव्हतं. तिने नेमकी वेळ दिली होती, 0:42. तिथे हेडफोन लावून दहा वेळा ऐकलं तेव्हा कळलं.

ॲपमधले सगळे तयार आवाज 440 हर्ट्झच्या मापाने लावलेले असतात. माझ्या आजोबांची पेटी जुनी, ती थोडी चढलेली आहे. एक सूर 440 चा आणि दुसरा 444 चा एकत्र वाजला की सेकंदाला चार वेळा आवाज वरखाली होतो. तीच ती थरथर. पेटीच्या पट्ट्या घासून घ्यायची गरज नाही. फुकट ट्यूनर ॲपवर पेटीचा एक सूर धरा, तो किती सेंट वर आहे ते बघा (शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर, शुद्धचा कोमल होण्याइतकं अंतर), आणि ॲपमधल्या वाद्यांना फाइन ट्यूनमध्ये तेवढंच वर चढवा. पेटी हलत नाही म्हणून बाकीच्यांनी हलायचं.

जाता जाता, परदेशातल्या कोणाबरोबर मिळून गाणं करणार असाल तर 'काळी चार' सांगून त्यांना कळणार नाही. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी चार म्हणजे जी शार्प, काळी पाच म्हणजे ए शार्प.

तंबोरा गायब का होतो?

हे मला कोणी सांगितलं नाही, दुसऱ्याच्या गाण्यावर लिहिताना सापडलं. एका मुलाच्या रेकॉर्डिंगमध्ये तंबोरा सुरुवातीला होता आणि मग विरून जायचा. फोनमधला नॉइज कमी करणारा प्रोग्राम सतत एकसारखा चालणारा आवाज 'पंखा' समजून कापतो. तंबोराही सतत एकसारखा! बिचाऱ्याचा पंखा झाला. रेकॉर्डर ॲपमध्ये नॉइज रिडक्शन आणि ऑटो गेन दोन्ही बंद करा. त्याऐवजी खरा पंखा बंद करा, भिंतीला गोधडी टांगा, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरासा तिरका ठेवा. आवाजाची पट्टी लाल होऊ देऊ नका. हळू रेकॉर्ड झालेलं वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही.

मित्राने ढोलकी वाजवून पाठवायची असेल तर व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज नको, फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. व्हॉइस मेसेजमध्ये आवाज दाबला जातो. वेव्ह फाइल मिनिटाला साधारण 10 एमबी होते, तेवढा डेटा खर्च करा.

फीडबॅक मागायचा कसा

'कसं वाटलं?' असं विचारलं की 'छान' येतं. आईकडून येतं तसंच इंग्रजीत येतं. मी आता एकच नेमका प्रश्न विचारते. 'दुसऱ्या अंतऱ्यात शब्द ऐकू येतात का?' किंवा 'कुठल्या सेकंदाला तुम्ही बंद करावंसं वाटलं?' हा दुसरा प्रश्न विचारायला धीर लागतो, पण त्याचं उत्तर सोन्यासारखं असतं.

एकदा तिघांनी वेगवेगळं लिहिलं, पण जागा एकच, 1:10 च्या आसपास. एक म्हणाला ड्रम वाढव, दुसरी म्हणाली गाणं लहान कर, तिसरा म्हणाला इथून पट्टी बदल. मी तिन्ही करून पाहिलं, गाणं आणखी बिघडलं. मग लक्षात आलं, मुखडा संपून अंतरा सुरू होताना मी चाल त्याच सुरावर ठेवली होती, त्यामुळे काही नवीन सुरू झालंय असं वाटतच नव्हतं. मी तिथे ढोलकी दोन आवर्तनं थांबवली आणि अंतरा पंचमावरून उचलला. त्या तिघांपैकी कोणीच हे सुचवलं नव्हतं, पण तिघांनी जागा बरोबर दाखवली होती. तेव्हापासून ऐकणाऱ्याने सांगितलेली जागा मी मानते, औषध मात्र माझं मी शोधते. एकट्यानेच तक्रार केली तर लिहून ठेवते, दुसऱ्याची वाट बघते.

आणि हो, फक्त आपलं टाकून पळू नका. मी एक गाणं टाकलं की पाच जणांची पूर्ण ऐकून, वेळ टाकून लिहिते. यामुळे लोक तुमच्याकडे येतात हा फायदा आहेच, पण तंबोऱ्याची गोष्ट मला अशीच कळली. काहीजण निव्वळ टोचून बोलतात. त्यात वेळ, वाद्य किंवा शब्द यांचा उल्लेख नसेल तर ते गाण्याबद्दल नाहीच, पुढे जा.

टाकण्याआधी गाणं फोनच्या स्पीकरवरही ऐका. तो स्पीकर इतका लहान असतो की खालचे सूर तो वाजवतच नाही. माझा डग्गा हेडफोनवर घुमायचा आणि स्पीकरवर नाहीसा व्हायचा, ऐकणारे बहुतेक जण स्पीकरवरच ऐकणार. डग्ग्याबरोबर वरच्या पट्टीतला हलका ठोका मिसळला तेव्हा तो दोन्हीकडे कळायला लागला.

हक्कांचं थोडं बघून घ्या

सिनेमातलं गाणं गाऊन टाकलं तर यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा ते ओळखू शकते, आणि अशा उपक्रमांना तर स्वतःचीच रचना लागते. लूप वापरलात तर त्याची परवानगी वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात 'बीवाय' असेल तर मूळ माणसाचं नाव द्यायचं, 'एनसी' असेल तर पैसे कमवायला वापरायचं नाही. एआयने बनवलेला ट्रॅक चालतो की नाही, ते प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळं सांगतात, आधी बघा. न सांगता टाकलात आणि कोणी विचारलं की 'हा अंतरा असा का वळवला', तर उत्तर काय देणार?

मागच्या फेब्रुवारीत मी 14 पैकी 9 गाणी केली. बाकीची पाच अर्धवट फोनमध्ये आहेत. नववं गाणं आईला ऐकवलं तेव्हा ती 'छान' म्हणाली नाही. म्हणाली, 'मध्ये ढोलकी थांबते तिथे परत लाव बघू.'